वाटाड्या बिस्किट

वर्षातून दोनदा त्या बिस्किटांच्या कारखान्यात अशी सकाळ यायची, की दारातून आत पाऊल टाकलं तरी भाजल्या पिठाचा वास येत नसे. ओल्या लोखंडाचा आणि साबणाच्या पाण्याचा वास यायचा. आदल्या दुपारपासून यंत्रं धुण्याचं काम चाललेलं असायचं. पीठ मळायची भांडी, साच्याचा रूळ, भट्टीतून जाणारा पट्टा, त्याच्या पुढचा बिस्किटं निववायचा लांबलचक पट्टा, सगळं घासून काढायचं. मग वरच्या प्रयोगशाळेतून ती खाली यायची. कापसाचे ओले बोळे फटीफटीतून फिरवायची आणि त्यांच्यावर औषधाचा थेंब टाकून बघत उभी राहायची. बोळा जांभळा झाला, की कुठेतरी पिठातल्या प्रथिनांचा अंश राहिलाय. पुन्हा धुवा.

"आमच्या सासूबाई बऱ्या," पॅकिंगच्या मावशी म्हणायच्या. "त्या नुसतं बोट फिरवून बघायच्या. या ताई बोळा फिरवतात."

कारखान्यात सगळे तिला लॅबवाल्या ताई म्हणत. तिला ते आवडायचं. आपण बोलत कमी असल्यानं लोकांनी निदान हाक तरी प्रेमाची शोधली, असं तिला वाटायचं.

एवढी धुलाई कशासाठी, तर मोजक्या मुलांसाठी. काही मुलं अशी जन्माला येतात, की प्रथिनांमधला एक घटक त्यांच्या शरीराला पचवता येत नाही. तो रक्तात साठत जातो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो. पण जन्मल्यापासून खाण्यावर नीट लक्ष ठेवलं, तर तीच मुलं इतरांसारखी वाढतात, शाळेत जातात, पाढे पाठ करतात आणि विसरतातही. लक्ष ठेवायचं म्हणजे दूध नाही, डाळ नाही, अंडं नाही, आणि गव्हाचं पीठही जवळजवळ नाहीच. उरलेलं सगळं तराजूत तोलून. अशा मुलांसाठी कंपनी नुसत्या स्टार्चची, प्रथिनं जवळपास नसलेली बिस्किटं करायची आणि इस्पितळांमार्फत घरोघरी फुकट पोचवायची.

कंपनीचे तसे मुलांसाठी बरेच उपक्रम होते. शाळांना पाण्याच्या टाक्या, वाचायची पुस्तकं, धावण्याच्या शर्यती. त्यांचे फोटो भिंतीवर लावलेले होते. पण ज्याच्यासाठी आख्खा कारखाना थांबवायचा, असा उपक्रम हा एकच. कुणी म्हणालं होतं, एवढ्याशा मुलांसाठी हातानं लाटून का करत नाही? कंपनीच्या तेव्हाच्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "साच्याचं काय?" साचा मोठ्या यंत्रावरच होता. हातानं केलेलं बिस्किट दिसायला वेगळं होणार, आणि त्या मुलांच्या आयुष्यात वेगळं असं आधीच पुष्कळ होतं. म्हणून तोच आकार, तीच नक्षी, तेच काठाचे दाते. प्रथिनांशिवाय बिस्किटाला भाजल्याचा रंगही येत नाही, तर जळवलेल्या साखरेचा जरासा रंग पिठातच घालायचा. दुकानातलं बिस्किट आणि हे बिस्किट शेजारी ठेवलं, तर करणाऱ्यालाही ओळखू येऊ नये.

नोकरीला लागली तेव्हा तिला हा दिवस म्हणजे नसती उठाठेव वाटायचा. बोळ्यांनी हात भिजून सुरकुतायचे आणि रोजचं काम साचून राहायचं. मग तिच्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन तपासतात, त्यात तेच निघालं. डोळ्यांत तेल घालून बहिणीनं त्या पोरीला वाढवली. वाढ बेताची आणि साखरेवर जीव, म्हणून घरात तिला मुंगी म्हणायला लागले. मुंगीला दात आले, तेव्हा डॉक्टरांनी बहिणीच्या हातात एक डबा दिला. बहिणीनं डब्यावरचं नाव फोनवर वाचून दाखवलं. हिनं ऐकलं आणि प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसून राहिली. डब्यावर तपासणीच्या शिक्क्याखाली हिचीच सही होती.

त्यानंतर तिला त्या दिवसाचा कंटाळा कधी आला नाही. पण कारखान्यात तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. घरचं पोर आहे म्हणून ताई इतक्या कडक वागतात, असं कुणी म्हणू नये. किंवा अडीअडचणीला सैल सोडतील, असंही.

त्या दिवशी सगळं सुरळीत झालं. बोळे पांढरे निघाले. स्टार्चचं पीठ रुसून बसतं, नीट मळलं जात नाही, पण त्या दिवशी तेही शहाण्यासारखं वागलं. भट्टीवाले काका भट्टीच्या तोंडाशी उभे होते. त्यांची उभी हयात तिथेच गेली होती. मुख्य कचेरीतून हौसेनं आलेली माणसं पांढरे टी-शर्ट घालून पॅकिंगच्या टेबलांशी उभी होती. वर्षातले हे दोन दिवस पॅकिंग हीच माणसं करायची, म्हणजे आपल्या हातून मुलांसाठी काहीतरी झालं असं त्यांना वाटायचं. एरवी ती एवढंच करायची, डबे भरायची आणि त्यांच्यावर चित्रं चिकटवायची. या खेपेला पहिल्यांदाच पट्ट्याच्या टोकाशी बिस्किटं उचलायचं कामही त्यांनी मागून घेतलं होतं. पॅकिंगच्या मावशी आणि त्यांच्या बायकांना बाहेर बसून चहा प्यायला सांगितलं होतं. मावशींना ते फारसं पटलं नव्हतं. "आमच्या हाताला काटे आहेत का?" असं त्या म्हणाल्या होत्या, पण चहा प्यायला गेल्या होत्या.

तिनं वेगवेगळ्या वेळची बिस्किटं उचलून वर नेली, तपासली. एकूण एक नमुना उत्तम निघाला. खाली टी-शर्टवाल्यांनी डब्यांचा मनोरा रचून फोटो काढले. फाटकाशी गाडी येऊन थांबली. तिनं सही करायला पेन उघडलं आणि दारात भट्टीवाले काका दिसले.

त्यांच्या हातात चहाचा कप होता. भरलेला, वर साय धरलेला.

"ताई, सही झाली का?"

"करतेय. का हो?"

"जरा थांबा." ते आत आले नाहीत. "माझा वाटाड्या सापडत नाहीये."

वाटाड्या म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं, कारखान्यात सगळ्यांनाच होतं. नवा घाणा भट्टीतून बाहेर येऊ लागला, की काका निववायच्या पट्ट्यावर सगळ्यांच्या पुढे एक जुनं बिस्किट उलटं ठेवायचे. ते उलटं बिस्किट पट्ट्यावरून येताना दिसलं, की पॅकिंगवाल्या बायका समजायच्या, याच्या मागून नवा माल आहे. त्या ते बाजूला काढायच्या, आणि काम संपलं की मावशी ते काकांना परत द्यायच्या. काका ते चहाबरोबर खायचे. कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणी शिकवलेलं नव्हतं, पण पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं होतं.

"आज ठेवला होतात?" तिनं विचारलं.

"मी ठेवला असं मला आठवत नाही. पण माझ्या डबीत एकच ठेवलं होतं कालचं, आणि आता डबी रिकामी आहे." त्यांनी कप दाराजवळच्या फळीवर ठेवला. "चहा घेतला, मावशींना म्हटलं, माझा वाटाड्या द्या. त्या म्हणाल्या, आज आम्ही कुठे होतो पट्ट्यावर? तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली, ताई. हात आपोआप गेला असणार. दरवेळी मावशी असतात, त्या काढतात. मागच्या खेपांनाही ठेवत असेन. देव जाणे."

"डबी धुतली नव्हती?"

"बाहेरून पुसली होती."

कालचं म्हणजे गव्हाचं. दूध पावडर घातलेलं. आणि दिसायला हुबेहूब तसंच, कारण तसंच दिसावं म्हणून त्यांनीच इतकी वर्षं जिवाचं रान केलं होतं. आता ते एक बिस्किट खालच्या मनोऱ्यात कुठल्या तरी डब्यात, कुठल्या तरी पुडीत पडलेलं होतं. तिचे नमुने खरे होते. पण नमुन्यात न आलेल्या बिस्किटाबद्दल नमुना काय सांगणार?

दोघं खाली गेली. व्यवस्थापक साहेब टी-शर्टवाल्यांना निरोप देत होते. तिनं त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. काकांचा हात होता हे तिनं सांगितलं नसतं, पण काकांनीच मध्ये पडून सांगितलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "एक बिस्किट?"

"एक."

"मॅडम, मी डॉक्टर नाही. पण एका बिस्किटानं मूल दगावतं का?"

"नाही," ती म्हणाली. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. "कायमची इजासुद्धा होणार नाही, बहुधा."

"मग आभाळ कोसळल्यासारखं का बोलताय?"

तिला बहिणीचं स्वयंपाकघर दिसत होतं. मागे एकदा मुंगीच्या रक्ताचा आकडा वर गेला होता. साधा ताप होता, तापातही जातो. पण बहिणीला ते कळेपर्यंत तिनं घरातला एकेक चमचा उकळून काढला होता, तराजू बदलला होता, नवऱ्याशी अबोला धरला होता, आणि शेवटी ओट्याशी जमिनीवर बसून म्हणाली होती, माझंच चुकलं असणार.

"त्या घरांत ताटात वाढताना अंदाज चालत नाही, साहेब," ती म्हणाली. "आकडा वर गेला, की आई स्वतःला दोष देते. ती सगळ्यावर संशय घेईल, फक्त आपल्या डब्यावर घेणार नाही. तेवढी एकच गोष्ट ती न तोलता देते."

साहेब वाईट नव्हते. दुपारपासून यंत्र रोजच्या मालाला लागायचं होतं, आणि ते काम त्यांच्या डोक्यावर होतं.

"सगळा माल टाकून द्यायचा म्हणता?"

"ते स्टार्च पुन्हा मिळायला सहा महिने लागतील. तोवर मुलांनी काय खायचं?"

"पाठवायचंही नाही, टाकायचंही नाही. मग लोणचं घालू का?"

मावशी फिसकन हसल्या. त्या केव्हाच येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या.

"शोधायचं," ती म्हणाली.

"शोधायचं म्हणजे तुमचा थेंब टाकायचा ना?" साहेब म्हणाले. "थेंब टाकलेलं बिस्किट कोण खाणार?"

हे खरं होतं. ती वर गेली. धान्याला बुरशी लागली आहे का हे बघायला प्रयोगशाळेत एक दिवा होता, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जांभळट उजेडाचा. दूध आणि पीठ एकत्र भाजलं, की जे पदार्थ तयार होतात त्यांतले काही अशा उजेडात मंद चमकतात, हे ती कॉलेजात शिकली होती. आपल्या बिस्किटांबाबत तसं होतं का, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं पडदे ओढले. एक दुकानातलं बिस्किट घेतलं, एक आजचं, आणि शेजारी शेजारी ठेवून दिवा लावला.

आजचं बिस्किट काळोखात बुडालं. दुसऱ्यावर फिकट निळसर साय धरल्यासारखी दिसली. इतकी फिकट, की तिला पहिल्यांदा वाटलं आपल्याला हवंय म्हणून दिसतंय. तिनं डोळे मिटून दोन्ही बिस्किटं हातानं फिरवली, कुठलं कुठे ते स्वतःलाच कळू नये म्हणून. मग उघडले. जे निळसर दिसलं त्यावर थेंब टाकला. तो जांभळा झाला.

पुढचा तास पॅकिंगच्या हॉलमध्ये धांदल उडाली. खिडक्यांवर ताडपत्र्या चढल्या. दाराच्या फटीत गोणपाटं कोंबली. हिशेबखात्यात खोट्या नोटा ओळखायचा दिवा होता, तो आला. फाटकावरच्या पहारेकऱ्याकडेही तसलाच एक निघाला, कशासाठी ते त्यालाही सांगता येईना. टी-शर्टवाल्यांना साहेब म्हणाले, "तुम्ही निघा, बस उभी आहे." त्यांच्यातली एक चष्मेवाली मुलगी म्हणाली, "सर, डब्यात आम्हीच भरलंय ना ते?" आणि कुणीच निघालं नाही.

दिवे लावले, आणि काळोखात पहिल्यांदा चमकले ते त्यांचे टी-शर्ट. इतके लख्ख, की टेबलावरचं काही दिसेना.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, "ही तर ट्यूबलाइटांची वरात."

कपड्याच्या साबणात चमक येणारं द्रव्य असतं, ते असंच उजळतं. हे आपल्या आधी लक्षात यायला हवं होतं, असं तिला वाटलं. मावशींच्या बायकांनी आपले तपकिरी अ‍ॅप्रन आणून पाहुण्यांना घातले. साहेबांच्या कॉलरचा प्रश्न उरला. मावशींनी न विचारता त्यांच्या मानेभोवती एक फडकं गुंडाळलं.

"हसू नका," साहेब म्हणाले. "दात चमकतायत."

मग हॉल शांत झाला. एकेक पुडी उघडायची, बिस्किटं ताटात पसरायची, ताट दिव्याखालून सरकवायचं, दोघांनी बघायचं, दोघांनी 'नाही' म्हटल्यावर पुन्हा भरायचं. पाहुणे आणि बायका जोडीजोडीनं बसल्या होत्या. सकाळी ज्यांना हाताला काटे असल्यासारखं बाहेर बसवलं, त्याच आता पाहुण्यांना बिस्किटं न मोडता कशी उचलायची ते शिकवत होत्या. चष्मेवाली मुलगी म्हणत होती, "मावशी, हे बघा ना जरा, मला सगळंच निळं दिसायला लागलंय." मावशी म्हणत होत्या, "डोळे मीट. थोडं थांब. आता बघ." हात थांबत नव्हते. ताटं सरकल्याचा, कागदाचा आणि 'नाही, नाही' असा बारीक आवाज सगळीकडून येत होता.

काका कोपऱ्यात उभे होते. त्यांना टेबलाशी बसायचं धाडस होत नव्हतं. तिनं शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "काका, मला जोडीदार नाही."

ते बसले. बराच वेळ दोघं 'नाही' एवढंच बोलत होती. मग ते हळूच म्हणाले, "तुम्हाला सांगितलं नसतं, तर कुणाला कळलं नसतं."

"हो."

"जिन्यात थांबलो होतो मी. चहा निवेपर्यंत."

"मला साय दिसली."

ती आणखी काही बोलणार होती. काय बोलणार होती ते तिचं तिलाच नीट जुळवता आलं नाही. काळोख आहे हे बरं झालं, असं तिला वाटलं.

बिस्किट साहेबांना सापडलं. पलीकडच्या टेबलाशी ते नोटांचा दिवा धरून बसले होते आणि एकदम म्हणाले, "मॅडम, इकडे या. मला भास होतोय का ते सांगा." ताटातल्या काळ्या बिस्किटांत एक फिकट निळसर होतं, ढगामागच्या चंद्रासारखं. तिनं ते चिमट्यानं उचललं, दाराशी उजेडात नेलं, कोपरा मोडून थेंब टाकला. थेंब जांभळा झाला.

हॉलमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ताडपत्री काढायला दोघं उठलेही.

"बसा," साहेब म्हणाले. "कोण उठलं? अर्धे डबे राहिलेत."

"सापडलं ना, सर."

"एक सापडलं म्हणजे एकच होतं, असं कुणी सांगितलं?"

काका म्हणाले, "साहेब, डबीत एकच होतं. मुलांची शपथ."

"तुमच्यावर विश्वास आहे हो. तुमच्या हातावर नाही," साहेब म्हणाले. "आणि यंत्राचं मी बघून घेईन. आज दुपारी नाही लागलं तर उद्या लागेल. चला, पुढचं ताट."

सगळे पुन्हा बसले. उरलेल्या डब्यांत काहीही निघालं नाही. काही निघणार नाही हे बहुतेकांना माहीत होतं, तरी शेवटच्या पुडीपर्यंत कुणी घाई केली नाही. तिनं ते पाहिलं. ती आयुष्यभर मोजमाप करत आली होती, पण या माणसांनी आज जे दिलं ते कशात मोजायचं, हे तिला सुचेना.

ताडपत्र्या निघाल्या. डोळे चोळत सगळे बाहेर आले. चहा झाला. साहेब गळ्यातलं फडकं तसंच ठेवून म्हणाले, "हं मॅडम, आता करा सही. गाडीवाला झोपला असेल."

तिनं पेन काढलं आणि परत ठेवलं.

"साहेब, आधी एक सांगायला हवं. यातला एक डबा माझ्या भाचीला जातो. बहिणीच्या मुलीला. तिला हाच आजार आहे."

कपांचे आवाज थांबले. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग डब्यांकडे.

"मग तुमची सही चालायची नाही," ते म्हणाले. "नात्यातला माणूस तपासणार आणि पासही करणार, हे बरोबर नाही. तुमच्या असिस्टंटला बोलवा. तो करेल." मग आवाज उतरवून म्हणाले, "इतकी वर्षं हे पोटात ठेवलंत? निदान आम्हाला पोरीचं नाव तरी कळू द्यायचं."

"मुंगी म्हणतो आम्ही," ती म्हणाली.

"मला सगळ्यांचे आभार..." तिनं सुरुवात केली.

"ताई, चहा घ्या आधी," मावशी म्हणाल्या आणि तिच्या हातात कप कोंबला. त्यांचेही डोळे पाणावले होते, पण त्यांनी दोष दिव्याला दिला.

असिस्टंटनं सही केली. डबे गाडीत चढत होते. काका तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"पुढच्या खेपेपासून या मालाला वाटाड्या नाही," ते म्हणाले. "आणि माझी डबी तुमच्याकडे ठेवा आदल्या दिवशी."

"ठेवते."

"कुठला डबा तिचा?"

"ते मला कळत नाही, काका. इस्पितळात ठरतं. कुठलाही असेल."

काकांनी मान हलवली. गाडीकडे बघत राहिले.

"चहात बुडवून खाते का?"

"चहा नाही देत तिला. लिंबाच्या सरबतात बुडवते."

"सरबतात?" काकांच्या चेहऱ्यावर जन्मात कुणी असं ऐकवलं नसल्याचा भाव आला. "गार सरबतात? अहो, चिखल होत असेल त्याचा."

"होतो. तळाशी बसतं सगळं. मग चमच्यानं खाते."

मनातल्या मनात काका भट्टीचा पट्टा हळू करत होते, आच किंचित वाढवत होते.

"पुढच्या वेळी जरा कडक भाजतो," ते म्हणाले.